सातपुड्याच्या बाजारात समुद्राचा तळ

नंदुरबार जिल्ह्याच्या नकाशावर समुद्र कुठेच नाही. उत्तरेच्या हद्दीवर नर्मदा, खाली तापी आणि दोघींच्या मध्ये आडवा पडलेला सातपुडा. 1 जुलै 1998 रोजी हा जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. इथली दोन तृतीयांशाहून अधिक वस्ती आदिवासींची: भिल्ल, पावरा, मावची, कोकणा. असं असूनही धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, नवापूर यांपैकी कुठल्याही आठवडी बाजारात गेलात तर सुक्या मासळीची ओळ कुठे बसते हे कुणाला विचारावं लागत नाही. नाकच नेऊन सोडतं. एका बाजूला नंदुरबारी मिरचीचे लाल ढीग, दुसऱ्या बाजूला आमचूर, आणि मधल्या ताडपत्रीवर बोंबलाच्या जुड्या, जवळ्याची रास, मांदेली, वाकट्या.

ही मासळी इथवर पोचते त्यात नवल काही नाही. तिला बर्फ लागत नाही, गाडीत जागा कमी लागते आणि फ्रिज नसलेल्या घरात ती महिनोन्‌महिने टिकते. आषाढ-श्रावणात पेरण्या उरकलेल्या असतात आणि हातात पैसा नसतो. अशा वेळी दोन मुठी सुकट, मिरची आणि आमचुराची फोड घातली की घरच्या सगळ्यांच्या ज्वारी-मक्याच्या भाकरीला कालवण होतं. सुकट डोक्या-कवचासकट खाल्ली जाते, त्यामुळे प्रथिनांबरोबर कॅल्शियमही पोटात जातं. ज्या जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात बहुतेक वेळा कुपोषणाच्या बातमीत येतं, तिथे ही गोष्ट हलकी नाही. मांसाहारावर भाषणं देणाऱ्यांनी मोलगीचा बाजार एकदा तरी फिरून यावा.

नवापूरच्या बाजारात मी पाव किलो सुकट मागितली. विकणारी मावशी माप भरता भरता म्हणाली, "भाऊ, निवडायची असेल तर घरी निवडा, इथे उलथापालथ नको." खोलीवर जाऊन वर्तमानपत्रावर ती पसरली. बहुतेक सगळा जवळा होता, नखाएवढा, गुलाबीसर, काळ्या ठिपक्यांच्या डोळ्यांचा. त्याशिवाय बोटाच्या पेराएवढी मांदेली, सुतळीच्या तुकड्यासारखी दिसणारी वाकटीची पिल्लं, ढोम्याची पिल्लं, एक चपटा मासा, वाटाण्याएवढ्या दोन चिंबोऱ्या, शंखाचा फुटका तुकडा, आणि कोळंबीसारखा दिसणारा पण पुढचे पाय कोयत्यासारखे दुमडलेला एक प्राणी. जवळा पाण्यात थव्याने फिरतो, त्यामुळे तो जाळ्यात येणं समजू शकतं. पण चपटा मासा, चिंबोरी, शंख आणि तो कोयत्या पायांचा प्राणी हे तळावर किंवा तळाच्या चिखलात राहणारे. समुद्रतळाचा एक चिमूटभर नमुना सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन पडला होता.

एवढ्यावरून ही सुकट अमुक जाळ्यातली, असा निवाडा करता येणार नाही. महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर बोंबील आणि जवळा मुख्यतः येतो तो डोलीच्या जाळ्यातून. पालघर, वसई, उत्तन, पलीकडे जाफराबाद, नवाबंदर. डोल म्हणजे समुद्रात खांब किंवा नांगर रोवून, भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तोंड करून बांधलेली लांबलचक पिशवी. प्रवाह मासे आणतो, जाळं जागचं हलत नाही. ज्या जागेवर ती बांधायची ती 'कव'. या कवींवरून सातपाटी आणि वसईकडच्या गावांमध्ये वर्षानुवर्षं भांडणं चालली आहेत. मासळी आली की किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील जोडीजोडीने टांगायचे आणि उन्हावाऱ्याच्या हवाली करायचे.

डोलीची बाजू घेणारे बरेच आहेत, मीही थोडाफार त्यांच्यातला. पण डोल निर्दोष नाही. तिच्या शेवटच्या पिशवीचा आस, म्हणजे जाळ्याचं छिद्र, इतका बारीक असतो की पापलेटची बोटभर पिल्लंही त्यात सापडतात, आणि हीच पिल्लं दोन वर्षांनी ताटभर झाली असती. तरीही डोलीचं एक आहे: ती तळाला ओरबाडत नाही. जिथे उभी आहे तिथेच उभी राहते. ओढलं जाणारं जाळं हा वेगळाच प्रकार आहे.

ट्रॉल म्हणजे बोटीमागे ओढायची शंकूच्या आकाराची पिशवी. तिचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना जड फळ्या असतात. पाण्याच्या दाबाने त्या एकमेकींपासून लांब ढकलल्या जातात आणि तळावरून घासत जातात. जाळ्याच्या खालच्या काठाला साखळी किंवा शिशाची वजनं असतात. ती चिखलाला डिवचतात, आत दडलेली कोळंबी दचकून वर येते आणि मागून येणाऱ्या पिशवीत जाते. तळ डिवचणं हा इथे अपघात नसून काम करण्याची पद्धतच आहे. कोळंबी चिखलात राहते, तेव्हा चिखल हलवल्याशिवाय ती मिळणार नाही. बोट ताशी दोन-तीन सागरी मैल अशा चालीने दोन-तीन तास हे ओढत नेते, जाळं वर घेते, रिकामं करते, पुन्हा सोडते. दिवसरात्र.

याविरुद्धची तक्रार ट्रॉलइतकीच जुनी आहे. 1376 मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे किनाऱ्यावरच्या लोकांचा एक अर्ज आला होता. काही मंडळींनी नव्या तऱ्हेचं ओढायचं जाळं काढलं आहे, त्याचं लोखंड तळावरून इतक्या जोराने जातं की पाण्याखालची झाडोऱ्यासारखी वाढ आणि माशांचं अन्न नष्ट होतं, आणि आस एवढा बारीक की लहानातलं लहान पिल्लूही सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय इतकी बारकी मासळी मिळते की तिचं काय करावं हे कळत नाही म्हणून लोक ती डुकरांना घालून त्यांना पोसतात, असंही त्या अर्जात होतं. साडेसहाशे वर्षांपूर्वीचा हा कागद आज पालघर किंवा रत्नागिरीच्या मत्स्य कार्यालयात नेऊन दिला, तर डुकरांच्या जागी कोंबड्या लिहिण्यापलीकडे त्यात फारसं काही बदलावं लागणार नाही. कोंबड्यांकडे पुढे येतोच.

भारतात ही पद्धत फोफावली ती स्वातंत्र्यानंतर. 1952 च्या करारातून केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा इथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. हेतू चांगला होता: कोळ्यांच्या होड्यांना इंजिन मिळावं, मासळी वाढावी, गावात आरोग्य सुधारावं. मग कोळंबीला परदेशात भाव मिळाला आणि प्रकल्पाचा रोख बदलला. सत्तरच्या दशकापर्यंत पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलर सर्वत्र दिसू लागले. गोव्यात रापणकार उठले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्या गावाने मिळून ओढायचं जाळं. ट्रॉलर किनाऱ्याजवळ आले की त्या जाळ्यात काही उरेना. माथानी साल्ढाना यांच्या पुढाकाराने 'गोंयच्या रांपणकारांचो एकवट' उभा राहिला आणि तिथून देशभरच्या पारंपरिक मच्छीमारांच्या संघटनेची सुरुवात झाली. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1980 चा, महाराष्ट्राचा 1981 चा. हे कायदे सरकारला आपणहून सुचले असं कुणी समजू नये.

आता तळाकडे वळू, कारण एवढ्या भांडणात तळ नेहमी बाजूलाच पडतो. होड्यांचं भांडण मासळीवरून असतं: तुझी किती, माझी किती. मासळी मोजता येते, तिचा लिलाव होतो, तिला भाव असतो. तळाला यातलं काहीच नाही.

मुंबईपासून वर गुजरातपर्यंतचा उथळ समुद्रतळ बहुतेक चिखलाचा आहे. चिखल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रिकामी, घाण जागा येते. खरं तर ओंजळभर चिखलात जाऊन बसलेले जीव पाहिले तर ती भरगच्च वस्ती निघते. बिळं करून राहणारे सागरी कृमी, शिंपले, ठिसूळ तारामासे, बिळातल्या चिंबोऱ्या. हे सगळे चिखल खालीवर करत असतात. त्यांच्या बिळांतून प्राणवायू मिसळलेलं पाणी आत जातं, नाहीतर थोड्याच खोलीवर चिखल काळा, कुजका, हवेविना होतो. वरून पडणारी मेलेली प्लवकं, विष्ठा, पालापाचोळा हेच जीव पचवतात आणि त्यातली पोषकद्रव्यं पुन्हा पाण्यात सोडतात. त्यावर वनस्पती-प्लवकं वाढतात, त्यांच्यावर जवळा, जवळ्यावर बोंबील. सातपुड्यातल्या ताटातला बोंबील असा चार पायऱ्या उतरून चिखलापर्यंत पोचतो.

ट्रॉल त्यावरून गेल्यावर काय होतं, याची जगभरची मोजणी एकत्र करून 2017 मध्ये शास्त्रज्ञ हिडिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओढायच्या साधनांच्या प्रकारानुसार एका फेरीत तळावरच्या सजीवांचं एकूण वजन 6 ते 41 टक्क्यांनी घटतं. आपल्याकडे वापरतात तसा फळ्यांचा ट्रॉल यात सगळ्यात सौम्य, 6 टक्क्यांचा. पाण्याच्या झोताने तळ उकरणारी ड्रेज सगळ्यात वाईट. साधन तळात किती आत शिरतं यावर नुकसान ठरतं: सरासरी 2.4 सेंटिमीटरपासून 16.1 सेंटिमीटरपर्यंत. आणि तळ बऱ्याच अंशी सावरायला 1.9 ते 6.4 वर्षं लागतात.

6 टक्के ऐकून हायसं वाटेल. ट्रॉलच्या बाजूने बोलणारे हाच आकडा पुढे करतात. पण हा आकडा एका फेरीचा आहे. मध्ये सावरायला वेळ न देता त्याच पट्ट्यावरून दहा फेऱ्या झाल्या तर जवळजवळ निम्मा जीव गेलेला असतो. आणि किनाऱ्यालगतच्या कोळंबीच्या पट्ट्यात एका हंगामात दहा फेऱ्या म्हणजे काहीच नाहीत. गुजरातमध्ये वेरावळच्या समुद्रात केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ट्रॉल ओढण्याआधी आणि नंतर तळाचे नमुने काढून गाळ आणि त्यातले जीव तपासले आहेत. जिथे सतत ओढलं जातं तिथे जीव संपत नाहीत, हे लक्षात घ्यायला हवं. बदलते ती वस्ती. सावकाश वाढणारे, बरीच वर्षं जगणारे, खोल बिळं करणारे जीव कमी होतात. भरभर वाढून भरभर मरणारे किडे आणि मेलेलं खाणारे खेकडे वाढतात. वरून पाहणाऱ्याला समुद्र तसाच दिसतो, मासळीचं टनाने केलेलं वजनही काही वर्षं तसंच राहतं.

हे समजून घ्यायला सातपुड्यात लांब जावं लागत नाही. चैत्रात मोहाची फुलं पडायला लागली की ती सहज वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जमीन साफ करण्याची रीत आहे. फुलं स्वच्छ मिळतात, पोती भरतात, मोठं झाड उभं राहतं. जळतात ती खालची रोपटी. म्हणून कित्येक ठिकाणी म्हातारे मोह आहेत आणि तरणे नाहीत. वेचणाऱ्याचा त्या वर्षीचा हिशोब मात्र चोख जमतो.

समुद्रात हा हिशोब कसा बिघडतो ते 2019 मध्ये दिसलं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार त्या वर्षी महाराष्ट्रात 2.01 लाख टन मासळी उतरली. आदल्या वर्षी 2.95 लाख टन होती. पंचेचाळीस वर्षांतला हा नीचांक. त्या वर्षी अरबी समुद्रात वादळंही एकामागून एक झाली आणि होड्या बंदरात उभ्या राहिल्या, तेव्हा सगळा दोष जाळ्याच्या माथी मारणं बरोबर नाही. पण पापलेट, घोळ, दाढा यांची घसरण त्याआधीपासूनची आहे आणि सातपाटीच्या कोळ्यांना ती सांगायला वादळाची गरज पडत नाही. 2023 मध्ये सरकारने रुपेरी पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. आपल्याकडे एखाद्या गोष्टीला मान मिळू लागला की ती संपत आल्याची शंका घ्यावी.

आता कोंबड्या. परदेशातले ट्रॉलर नको असलेली मासळी समुद्रातच फेकतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या 2019 मधल्या अंदाजानुसार जगभर दर वर्षी सुमारे 91 लाख टन मासळी अशी फेकली जाते आणि तिच्यातली जवळपास निम्मी तळावरच्या ट्रॉलमधली. आपल्याकडे फेकणं कमी, कारण सगळ्यालाच गिऱ्हाईक आहे. पिल्लं, तारामासे, कोयत्या पायांचे प्राणी, फुटके खेकडे, सगळं बंदरावर उतरतं आणि फिश मीलच्या कारखान्यात जातं. वाळवून केलेली ही पूड कोळंबीच्या तळ्यांत आणि कोंबडीखाद्यात जाते. कोंबडीखाद्यात आता सोयापेंडीने बरीच जागा घेतली आहे, तरी सुकी मासळी आणि फिश मील पार गेलेली नाही.

आणि महाराष्ट्रात अंड्यांच्या कोंबड्यांचं एक मोठं ठाणं म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलंच नवापूर. बाहेरच्यांना हे गाव दोन कारणांनी ठाऊक असतं. एक म्हणजे त्याचं रेल्वे स्टेशन, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. दुसरं म्हणजे फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू इथे सापडला, लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. 2021 मध्ये पुन्हा तीच वेळ आली. त्या दोन्ही वेळी गावाबाहेरच्या जगाला कळलं की इथे इतक्या कोंबड्या आहेत. समुद्रतळाशी या जिल्ह्याचं नातं सुकटीपुरतं नाही, ते अंड्यातूनही असू शकतं. म्हणजे गंमत अशी की समुद्र कधी न पाहिलेला माणूस समुद्राचा तळ कदाचित दोन वाटांनी खातो, आणि त्याबद्दल त्याला कुणी कधी काही विचारत नाही.

मला वाटतं, विचारायला हवं. कारण तळ गमावणं म्हणजे काय, हे या जिल्ह्यातल्या लोकांना कोकणातल्या बऱ्याच पुढाऱ्यांपेक्षा चांगलं ठाऊक आहे.

तापीवरचं उकाई धरण 1972 मध्ये पुरं झालं. त्याचा फुगवटा आजच्या नंदुरबार जिल्ह्यात आला आणि इकडची गावं उठली. नर्मदेवरच्या सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं घेतली. मणिबेली सगळ्यांत आधी; 1993 च्या पावसाळ्यात तिथल्या घरांत पाणी शिरलं. त्याच वर्षी मार्चमध्ये जागतिक बँकेने प्रकल्पातून हात काढून घेतला होता. 138.68 मीटरचं धरण 17 सप्टेंबर 2017 रोजी राष्ट्राला अर्पण झालं. भरपाईचं भांडण तीन दशकं चाललं आणि त्या भांडणात एक अडचण सतत आडवी आली: कागद. जमिनीचा सातबारा होता त्याला काही ना काही मिळालं. जंगलजमीन कसणाऱ्याकडे सातबारा नव्हता. आणि नदीचा तर कुणाकडेच नव्हता. काठची गाळपेर, डोहांतली मासळी, पाण्याखालची गोटे-वाळूची जागा जिथे महसीर अंडी घालायचा, हे कुठल्याच उताऱ्यावर नव्हतं. वाहत्या पाण्याच्या आणि खडकाळ तळाच्या माशाला तलावाचा गाळ मानवत नाही. महसीर मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. त्याच्या जागी आलेल्या जलाशयात कटला-रोहू सोडायचे, आणि ते धरायचा हक्क विस्थापितांच्या सहकारी संस्थांनाच मिळावा म्हणून पुन्हा भांडायचं. हरवलेल्या डोहाचा मोबदला कुणी मागितला असता तरी कुठल्या रकान्यात लिहिणार होते?

या दोन धरणांचा बोंबलाशीही संबंध आहे. नर्मदा आणि तापी दोन्ही खंबातच्या आखातात जातात. बोंबील हा मासा भारताच्या किनाऱ्यावर सलग सापडत नाही. पश्चिमेला सौराष्ट्र ते उत्तर कोकण आणि पूर्वेला बंगालकडे, अशा दोन टोकांना. दोन्हीकडे मोठ्या नद्या, मोठी भरती-ओहोटी, गढूळ उथळ पाणी. आपण ज्याला घाण पाणी म्हणू त्यात हा मासा आणि जवळा वाढतो. पावसाळ्यात नद्यांबरोबर येणारा गाळ आणि पोषकद्रव्यं हे त्या चिखलाचं खाद्य. तो गाळ आता मोठ्या प्रमाणावर उकाईच्या आणि सरदार सरोवराच्या पोटात अडतो. पाला नावाचा मासा, ज्याला बंगाली लोक इलिश म्हणून डोक्यावर घेतात, अंडी घालायला समुद्रातून भरूचकडे नर्मदेत चढायचा. नदीत गोडं पाणीच कमी उतरू लागल्यावर त्याची मासेमारी ढासळली. म्हणजे आखाताच्या तळावर वरून येणारी भर घटली आणि खालून ओरबाडणं वाढलं. या दोन्हींतला कुणाचा वाटा किती, हे वेगळं काढून दाखवणं अवघड आहे, आणि याचाच फायदा दोन्ही बाजू घेतात. धरणवाले ट्रॉलरकडे बोट दाखवतात, ट्रॉलरवाले धरणाकडे.

कायद्यांचा तुटवडा नाही, हेही सांगायला हवं. 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची पावसाळी बंदी आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात ट्रॉलिंगला मनाई आहे. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 च्या अधिसूचनेने पर्ससीनवर, म्हणजे थवा घेरून धरणाऱ्या जाळ्यावर, मर्यादा आल्या. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांची मासेमारी आणि दोन बोटींमध्ये जाळं ताणून ओढायचं बुल ट्रॉलिंग यांवर बंदी घातली. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीच्या प्रकल्पातून ट्रॉलरना 40 मिलिमीटर चौकोनी आसाची पिशवी देण्यात आली. नेहमीच्या शंकरपाळीच्या आकाराच्या आसाचं जाळं ताण बसला की मिटतं, चौकोनी आस उघडा राहतो आणि बारकी पिल्लं निसटतात. साधी, स्वस्त, शहाणी सुधारणा. 2023 च्या अखेरीस महाराष्ट्राने 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली: पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180.

हे सगळं चांगलं आहे. पण नीट पाहिलं तर यातला जवळजवळ प्रत्येक नियम माशाच्या लांबीचा, जाळ्याच्या आसाचा, होडीच्या अंतराचा किंवा महिन्यांचा आहे. चौकोनी आसातून पिल्लू सुटतं, त्याच जाळ्याची साखळी तळावरून गेलेलीच असते. 61 दिवसांत कोळंबी अंडी घालून मोकळी होते, पण जो तळ सावरायला दोन ते सहा वर्षं लागतात त्याला दोन महिने म्हणजे श्वास घेण्याइतकी सवड. महाराष्ट्रात तळासाठी राखलेली जागा म्हणून पटकन आठवतं ते मालवणचं सागरी अभयारण्य, 1987 चं, 29 चौरस किलोमीटरचं. पुढे विजयदुर्गसमोरच्या आंग्रिया बँकेला संरक्षण द्यायची चर्चा आहे. दोन्हीकडे प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत, पाणबुड्यांना फोटो काढण्याजोगं बरंच काही आहे. उत्तर कोकणच्या चिखलात फोटो काढायला काहीच दिसत नाही. बुडी मारली तर स्वतःचा हातही दिसायचा नाही. प्रवाळाला अभयारण्य मिळतं. ज्या चिखलावर बोंबील, जवळा आणि पापलेट जगतात, त्याला मिळत नाही.

इतरांनी काय केलं? इंडोनेशियाने 1980 मध्येच मोठ्या भागात ट्रॉलिंग बंद केलं. हाँगकाँगने 31 डिसेंबर 2012 पासून आपल्या पाण्यात पूर्ण बंदी घातली, ट्रॉलरमालकांना पैसे देऊन बोटी विकत घेतल्या. श्रीलंकेने 2017 मध्ये तळाच्या ट्रॉलिंगवर बंदी आणली; पाल्कच्या सामुद्रधुनीत आपल्या तमिळनाडूच्या ट्रॉलरची तिथल्या गरीब तमिळ मच्छीमारांशीच टक्कर त्याआधीपासून होत आली आहे, हा एक वेगळा कडू विषय. या देशांमधला मला महत्त्वाचा वाटतो तो हाँगकाँगचा धडा: बंदी घातली तेव्हा खर्च सरकारने उचलला. आपल्याकडे ट्रॉलरवर काम करणारा खलाशी हा मालक नसतो, कित्येकदा तो पालघर-डहाणूच्या पाड्यांवरचा आदिवासीच असतो. त्याला वाऱ्यावर सोडून चिखल वाचवायचा म्हटलं तर मी त्या बाजूला नाही. पण समुद्राचा सगळाच तळ एकाच वेळी सोडायला कुणी सांगतही नाही. काही पट्टे कायमचे सोडा, बाकीच्यात आळीपाळी करा, एवढी मागणी अतिरेकी कशी?

त्यासाठी आधी कळायला हवं की ओढलं कुठे जातं. आणि इथे एक संधी चालून आलेली आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला पंतप्रधानांनी देशभरच्या मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेला सुरुवात केली. वादळात सूचना पोचावी, संकटात बोट सापडावी हा उद्देश. जानेवारी 2025 पासून महाराष्ट्राच्या किनारी जिल्ह्यांत बेकायदा मासेमारीवर ड्रोनची नजर आहे. ड्रोनला पाण्यावरचा फेसच दिसणार, पण ट्रान्सपाँडर बोटीची वाट सांगतो. ताशी दोन-तीन मैलांनी सरळ रेषेत तासन्‌तास जाणारी बोट काय करते आहे हे ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही. दोन हंगामांच्या नोंदी एकमेकींवर ठेवल्या तर महाराष्ट्राच्या तळावर कुठे किती वेळा साखळी फिरली याचा नकाशा निघेल. तळाच्या बाबतीत सातबाऱ्याच्या जवळपास जाणारा तो पहिला कागद असेल. युरोपात अशा नोंदींवरूनच नकाशे झाले आहेत. आपल्याकडे ही नोंद मत्स्य विभागाकडे बंद राहणार की विद्यापीठांना आणि मच्छीमार सोसायट्यांना पाहायला मिळणार, हे अजून ठरवता येण्यासारखं आहे.

घाई मात्र करावी लागेल. त्याच दिवशी, त्याच मंचावरून डहाणूजवळच्या वाढवण बंदराचीही पायाभरणी झाली. 76,000 कोटींहून अधिक खर्च, समुद्रात भराव घालून तयार होणारी 1,448 हेक्टर जमीन, आणि भरावाची वाळू दमणसमोरच्या समुद्रतळातून. डहाणू-पालघरच्या डोली आणि पापलेटची जाळी ज्या पाण्यात पडतात ते हेच पाणी. तिथल्या मच्छीमारांना भरपाई देऊ असं सांगितलं जातं, आणि भरपाई मोजताना पहिला प्रश्न येतो: तुमचं नुकसान झाल्याचा कागद कुठे आहे? मणिबेलीत हा प्रश्न विचारला गेला तेव्हा नदीच्या तळाचा कागद कुणाकडेच नव्हता. वाढवणच्या कोळ्याकडे होडीचा परवाना आहे, डिझेलचं पुस्तक आहे, सोसायटीची पावती आहे. कव कुठे आहे ते त्याच्या तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, तोंडपाठ आहे, पण ते सरकारी नकाशावर लिहिलेलं नाही. बंदराच्या बोटी सुरू होण्याआधी निदान या कवी आणि त्यांच्याभोवतीचा तळ मोजून, त्यातले जीव टिपून, तारखेसह नोंदवून ठेवायला हवेत. हे काम करायला मुंबईत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र आहे, वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे, आणि बोटी घेऊन तिथवर नेणारे लोक तर किनाऱ्यावर बसूनच आहेत.